देवाची बांधी

पऱ्हे पिवळे पडायला लागले होते. एकवीस-बावीस दिवसांचं झालं की धानाचं रोप उपटून बांधीत, म्हणजे पाणी अडवलेल्या वावरात, रोवावं, हे टोलीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ. यंदा जुलै सरत आला, पऱ्हे पस्तीस दिवसांचे झाले, तरी बांध्यांत चिखल करण्याइतकं पाणी नव्हतं. मग तीन दिवस झड लागली, तलाव निम्मा भरला आणि सगळ्यांचे रोवणे एकदमच निघाले. बायांना दहा ठिकाणांहून बोलावणं. ज्या घरी कधी घोटभर चहा मिळाला नव्हता, त्या घरचा माणूसही सकाळी सकाळी दारात उभा राहून 'बाई, बाई' करू लागला.

रंजूच्या दारात सगळ्यात आधी. आसगावच्या पुढे तलावाच्या पाळीला लागून ही चाळीस घरांची ढिवरांची, मासेमारांची, टोली, आणि या टोलीत रंजूसारखा रोवणा कोणाचा नाही. छत्तीस वर्षांची, अंगाने काटकुळी, पण वाकली की दुपारपर्यंत कंबर वर करायची नाही. तिची ओळ पाण्यावर आखल्यासारखी जायची. बाकीच्या बाया तिच्या ओळीकडे बघून आपली ओळ धरायच्या.

सोमवारी सकाळी ती कुंताबाईच्या शेतावर निघाली, तेव्हा वाटेत प्रार्थना भवनापाशी थांबली. टोलीतली चौदा घरं विश्वासी, येशूला मानणारी. पत्र्याचं छप्पर, निळं दार, आत सतरंजी आणि एक ढोलकी, असं त्यांचं भवन. दाराला पिठाच्या खळीने दोन कागद चिकटवले होते.

वरच्या कागदावर लिहिलं होतं की, बहीण रंजू हिचा पती जिवंत असताना ती दुसऱ्या विवाहाचा विचार करीत आहे. तो विचार सोडेपर्यंत तिने प्रभूच्या मेजापासून दूर राहावे. भाकर आणि प्याला तिला दिला जाणार नाही. खाली मंडळीच्या तीन वडिलांच्या, म्हणजे कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांच्या, सह्या. तिसरी सही वेडीवाकडी, 'मो'चा काना बाहेर पडलेला. मोतीलाल. तिचा बाप. ही सही तिनेच त्याला शिकवली होती, दहावीला असताना, पाटीवर.

खालच्या कागदावर लिहिलं होतं: शुक्रवारी देवाच्या बांधीचा रोवणा. येणाऱ्या बहिणींची नावं. एक नंबरला, रंजू.

तिने दोन्ही कागद दोनदा वाचले. कोणी चुकून लावले असतील असं वाटावं, इतके ते एकमेकांना खेटून होते. तिने कशालाच हात लावला नाही. खांद्यावरची प्लास्टिकची खोळ नीट केली आणि ती चालू लागली.

वडिलांच्या सभेत काय झालं ते तिला कोणी सांगायची गरज नव्हती. ती स्वतःच तिथे उभी होती. पास्टर कैलाश पवनीहून मोटरसायकलने यायचे. पस्तिशीचा माणूस, बोलणं मऊ, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. त्यांनी शास्त्र उघडून समजावलं होतं की नवरा-बायको ही देवाने बांधलेली गाठ. कोर्टाने दिलेला फारकतीचा कागद ती सोडू शकत नाही, फक्त मरण सोडू शकतं. नवऱ्याने दुसरी बाई ठेवली असेल तर पाप त्याचं, बायकोने वेगळं राहावं, पण एकटं राहावं.

"दहा वर्ष झाले एकटी राहून," रंजू म्हणाली होती.

"अंकुश पश्चात्ताप करून परत आला तर, ताई? दार बंद असलं तर तो कुठे जाईल?"

"तो आला तं नागपूरच्या त्या बाईचं काय? तिचे दोन पोट्टे आहेत त्याच्यापासून. माह्या दारात तो याव म्हनून मी प्रार्थना करू, म्हनजे तिच्या दारातून जाव म्हनूनच ना? असी प्रार्थना मले येत नाही."

पास्टरांनी शास्त्र मिटलं नव्हतं.  बाजूला मोतीलाल बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून. तो एक शब्दही बोलला नव्हता.

*

कुंताबाईच्या बांधीत नडगीपर्यंत पाणी होतं. सात बाया ओळीने वाकल्या होत्या. डाव्या हातात पेंढी, उजव्या हाताने तिच्यातली तीन-चार रोपं सोडवायची, अंगठ्याने चिखलात दाबायची, पुढची घ्यायची. रोवणा मागे मागे सरकत करतात. पुढे जे दिसतं ते रोवून झालेलं, मागे काय आहे ते पायालाच कळतं. तीन दिवसांच्या पाण्याने सगळ्यांच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या. नखं मऊ पडून सोलवटली होती. पाठीवर खोळ, खोळीवर पावसाची टपटप, आणि त्या आवाजाच्या खाली बोलणं.

"काय वं रंजू," कुंताबाईने सुरुवात केली. जीभ कातरीसारखी, पण मनात किल्मिष नाही अशी ही बाई. तीही विश्वासीच. "मेजावरून उठवलं म्हनते तुले?"

"उठवलं."

"अन् देवाच्या बांधीवरून?"

"तिथं पयलं नाव आहे माहं."

कुंताबाई हसली. "म्हनजे हात चालते, तोंड नाही चालत."

दोघी-तिघी खुदखुदल्या. चंद्रकला हसली नाही. मंडळीच्या तीन वडिलांतल्या थोरल्याची ही बायको, पन्नाशीची, प्रार्थनेला सगळ्यात पुढे बसणारी.

"हसाची गोष्ट आहे का हे?" ती म्हणाली. "देवानं बांधलेली गाठ आहे. आमी नाही का सोसलं? हे पाह्य." तिने उजवा हात वर केला. मनगट वाकडं जुळलेलं होतं. पेंढी सोडवताना ते अजूनही अडायचं. "मोडला होता मानसानं. सोडलं का मी घर? देवानं त्याले सुधरवलं. आज तो मंडळीचा वडील आहे."

"तुमचा हात दोन महिने मीच बांधून देत होती, काकी," रंजू वाकूनच म्हणाली. "तवा तुमी काय म्हनत होता, आठवते का? याच्यापेक्षा कोनासंग पाट लावून निंगून गेली असती तं बरं झालं असतं, म्हनत होता."

चंद्रकलाने पेंढी पाण्यात आपटून धुतली. चिखलाचे थेंब रंजूच्या गालावर उडाले.

"बोलली असन दुखन्यात."

"दुखन्यातच खरं बोलते मानूस," कुंताबाई म्हणाली. "अन् मले एक समजत नाही. मंडळीत तुह्या खेमराजले सारेच भाऊ म्हनतो. तं आता भाऊ-बहीनचं लगन कसं लावाचं?"

यावर मात्र सगळ्याच हसल्या, चंद्रकलासुद्धा, तोंड दुसरीकडे करून. रंजू हसता हसता थांबली. पिंढरीला काहीतरी चिकटलं होतं. तिने हात घातला, जळू होती. तिने ती ओढून काढली, कडेच्या धुऱ्यावर फेकली आणि रक्त वाहत असतानाच पुढची रोपं दाबली.

*

घरी मोतीलाल ओसरीत जाळं विणत बसला होता. सत्तरीचा माणूस, डोळ्यांना कमी दिसायचं, पण सुईला आणि सुताला डोळे लागत नाहीत. यशोदाबाईने झिंग्यांची पातळ भाजी आणि भात वाढला. बाप जेवायला उठला नाही.

"बा," रंजू म्हणाली, "कागद पाह्यला मी."

सुई चालत राहिली.

"सही चांगली आली तुमची. 'मो' तेवढा बिघडला."

"जेव वं," यशोदाबाई म्हणाली.

"जेवतेच आहे. मी काही भांडून नाही राहिली. मी एवढंच इचारते, बा. अंकुशसंग लगन कोनं लावलं होतं? मंडळीनं. त्याच भवनात, फुलांचा हार घालून, ढोलकी वाजवून. तो निंगून गेला, तं मंडळी गेली का त्याले इचाराले नागपूरले? एक मानूस तरी गेला? दहा वर्षांत त्याच्या नावाचा एक कागद लागला का दारावर?"

मोतीलालचे हात थांबले. त्याने जाळ्यातलं एक घर मोजलं, दुसरं मोजलं.

"तिघं वडील होतो," तो म्हणाला. "दोघांनी केली."

"म्हनून तुमी केली."

"मी काय बोलू त्याइच्यापुढं? ते वाचून सांगते. मले वाचता येत नाही."

एवढं बोलून त्याने सुई पुन्हा सुतात घातली. रंजू अर्ध्या ताटावरून उठली. ताट धुवायला ती मागच्या अंगणात गेली, तेव्हा यशोदाबाई तिच्यामागे आली आणि राखेचा बोळा तिच्या हातात दिला.

"खेमराज काय म्हनते?"

"तो कायले काही म्हनते? तो रंडवा आहे, बायको मेली त्याची. त्याले दुसरं कराले मोकळीक आहे. बंदी मलेच आहे."

"कोर्टात करून घ्या मंग. कोन अडवते?"

"कोर्टात होईनच, माय. पन मले आपल्या मानसांपुढं पाहिजे. चोरी केल्यासारखं नाही करत मी. दिवसा. उजेडात."

यशोदाबाईच्या हातातून पाण्याचा गडू निसटता निसटता राहिला.

"उजेडात," ती म्हणाली. जणू तो शब्द कुठेतरी ऐकला होता आणि आता आठवत होता. मग ती आत गेली. उशिरापर्यंत मोतीलाल ओसरीत जाळं मांडीवर घेऊन बसला होता, पण सुई चालत नव्हती.

*

गुरुवारी दुपारी खेमराज तलावाच्या पाळीवर डोंगा उलटा करून त्याला डांबर लावत होता. मच्छीमार संस्थेचा माणूस, चाळिशीचा, बोलायला हळू. चार वर्षांपूर्वी त्याची बायको कावीळ होऊन गेली. त्या दिवसांत रंजू त्याच्या घरी भाकरी नेऊन द्यायची, बाकी बायांसोबतच, पाळीपाळीने. पुढे पाळी संपली आणि ती जात राहिली.

"आसगावच्या मावशीकडं जाऊ," तो म्हणाला. "जातीतले पंच येतीन. सांजच्याले पाट लावून देतीन. आपल्यात चालत आलं आहे ते. सोडलेली बाई, रांड बाई, कोनालेच मनाई नाही."

ते खरं होतं. प्रार्थना भवन नव्हतं तेव्हापासून ढिवरांत पाट होता. नवऱ्याने टाकलेल्या किंवा नवरा मेलेल्या बाईला दुसरं घर करायची मुभा होती. पंच पान-सुपारी घ्यायचे, नवी साडी, हातात बांगड्या, झालं. फक्त ते अंधार पडल्यावर व्हायचं. मांडव नाही, वाजंत्री नाही. लेकुरवाळ्या बायांनी त्या जोडप्याचं तोंड सकाळपर्यंत पाहायचं नाही.

"अंधारात नाही," रंजू म्हणाली.

"एका रातीचं तं आहे."

"काहून पन? मी काय केलं आहे तोंड लपवासारखं? जुने लोक म्हनते कर, पन लपून. हे म्हनते उजेडात ये, पन करू नोको. मले दोन्ही पाहिजे. करन तं उजेडात करन."

खेमराजने डांबराचा ब्रश डब्यावर ठेवला. त्याच्या हातांना काळे डाग होते, ते त्याने मांडीला पुसले.

"उद्या देवाच्या बांधीवर येशीन?"

"पयलं नाव आहे माहं. येईन ना."

"भाकर आली की सारेच तुह्याकडं पाहातीन."

"पाहू दे. मी बी पाहीन त्याइच्याकडं."

*

देवाची बांधी म्हणजे भवनामागचा पाऊण एकराचा तुकडा. मोतीलालनेच तो बावीस वर्षांपूर्वी मंडळीला दिला. त्यातलं धान वर्षभर आल्या-गेल्याला, आजाऱ्या-नडलेल्याला शिजायचं. सगळे विश्वासी एका दिवसात तिचा रोवणा करायचे आणि तो संपला की तिथेच धुऱ्यावर, चिखलाच्या पायांनी, प्रभूचं मेज व्हायचं. भाकर तांदळाच्या पिठाची. ती दरवर्षी रंजू भाजायची. यंदा चंद्रकलाने भाजून आणली होती. टोपलीवरच्या फडक्यातून करपल्याचा वास येत होता.

टोलीत रोवणा सुरू करायची एक रीत होती. शेत ज्याचं, त्या घरच्या माणसाने पहिली पेंढी बायकोच्या हातात द्यायची आणि तिने ती रोवायची. त्याशिवाय दुसऱ्या बाईने पाण्यात पाय घालायचा नाही. देवाच्या शेतात घरधनी कोण? जुन्या पास्टरांनी ठरवून दिलं होतं, मंडळीतलं सगळ्यात जुनं जोडपं. म्हणजे मोतीलाल आणि यशोदाबाई. बावीस वर्षं तेच.

शुक्रवारी झड उघडली होती. स्वच्छ ऊन पडलं होतं, बांधीतल्या पाण्यात ढग दिसत होते. पुरुषांनी पऱ्हे उपटून पेंढ्या धुऱ्यावर रचल्या होत्या. खेमराज त्यांच्यातच होता. पास्टर कैलाशांनी बूट काढून हातात धरले होते. त्यांनी डोळे मिटून पिकासाठी प्रार्थना केली. सगळ्यांनी "आमेन" म्हटलं. बाया खोचलेल्या लुगड्यांनी धुऱ्यावर ओळीत उभ्या राहिल्या. रंजू पहिली.

मोतीलालने पेंढी उचलली, पाण्यात बुडवून झटकली आणि बायकोपुढे केली.

यशोदाबाईने हात पुढे केले नाहीत.

"घे ना," मोतीलाल म्हणाला.

"आज मी नाही घेत."

"गुडघे दुखतात का आई?" पास्टरांनी विचारलं.

"गुडघे तं रोजच दुखते, बाप्पा. मी घेत नाही, कारन माहा हक नाही. तुमच्या कागदाच्या हिशेबानं नाही."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. यशोदाबाई मंडळीत कधी मोठ्याने गायलीसुद्धा नव्हती. ती आता पदर कमरेला खोचून उभी होती.

"हा माहा पयला नवरा नाही. माहं पयलं लगन अड्याळकडं झालं होतं, पंधरा वर्षांची होती तवा. तो मानूस चुलीतलं लाकूड काढून मारे. मी पयून आली. मंग यानं पाट लावला माह्यासंग. राती. दिवा बी इजवला होता पंचाइनं. सकाळ होतपर्यंत मले घोंगड्याखाली बसवलं होतं. कोनं तोंड पाहू नये म्हनून."

रंजूने आईकडे पाहिलं. छत्तीस वर्षं ज्या घरात ती राहिली, त्या घराला आणखी एक खोली होती आणि आज तिचं दार उघडलं, असं तिला झालं. तिने बापाकडे पाहिलं. तो पेंढी तशीच धरून उभा होता. मुळांतून चिखलाचं पाणी त्याच्या धोतरावर ठिबकत होतं.

"तो मानूस सात वर्षांमागं मेला," यशोदाबाई पुढे म्हणाली. "म्हनजे माहा बाप्तिस्मा झाला तवा तो जिता होता. पंधरा वर्ष मी देवाची पयली पेंढी रोवली, भाकर खाल्ली, प्याला पेली, तवा बी जिता होता. आता सांगा. ते सारं पाप होतं का? अन् ते धान तुमी खाल्लं ते?"

 तलावाकडून बगळ्यांचा थवा आला आणि बांधीवरून वळून गेला.

पास्टरांनी बूट खाली ठेवले. "आई," ते हळूच म्हणाले, "ते अज्ञानातलं होतं. तुम्हाला प्रभू माहीत नव्हता. बाप्तिस्म्याच्या पाण्यात ते सगळं धुतलं गेलं. रंजूताईंचं तसं नाही. त्यांचं लग्न विश्वासात झालं. मंडळीत, देवापुढे."

"म्हनजे," रंजू म्हणाली, "मी देवाच्या घरी लगन केलं, हे चूक झाली माही? जातीत केलं असतं, तं आज सुटली असती?"

"मी तसं म्हणत नाही, ताई."

"मंग कसं म्हनता? मायचा नवरा मारे, म्हनून ते धुतलं. माहा नवरा मले सोडून गेला, ते धुवाले पानीच नाही का तुमच्यापाशी?"

"काहून वाद घालते वं!" चंद्रकला ओरडली. "पास्टर आहेत ते!"

"घालू द्या," पास्टर म्हणाले. त्यांनी वरचं बटण चाचपलं, जणू ते गळ्याला काचत होतं. "मला हे सोपं वाटतं असं समजू नका. माझी सख्खी बहीण आहे. नवरा पितो, मारतो. तीन वेळा ती माझ्याकडे आली आणि तीनही वेळा मी तिला हेच वचन वाचून दाखवून परत पाठवली. आज तुम्हाला मोकळीक दिली, तर तिच्यापुढे मी कोणत्या तोंडाने उभा राहू?"

ते रडतील की काय असं वाटलं.  रंजूला त्या माणसाचा पहिल्यांदा राग आला नाही, आणि म्हणूनच तिचं बोलणं जास्त ठाम आलं.

"त्याच तोंडानं उभे राहा, पास्टर. जाऊन तिले आना. माह्या घरी जागा आहे. अन् रोवन्याले हात कमीच पडून राहिले."

 चंद्रकलाने आपलं वाकडं मनगट दुसऱ्या हाताने धरलं होतं.

"आज मेज होणार नाही," पास्टर शेवटी म्हणाले. "मी ते लग्न लावू शकत नाही. मला जे वाचता येतं त्यात ते नाही." त्यांनी बूट उचलले, पायात न घालताच धुऱ्यावरून भवनाकडे चालू लागले. प्याल्याची पिशवी त्यांनी नेली, भाकरीची टोपली राहिली. दोघे वडील त्यांच्यामागे गेले. त्यांच्यामागे तीन घरं गेली. चंद्रकला चार पावलं गेली, मग करपलेल्या भाकरींच्या टोपलीपाशी येऊन उभी राहिली. तिचा नवरा वळून तिला हाका मारत होता. ती ऐकू न आल्यासारखी फडकं नीट करत बसली.

बांधी तशीच होती, पाण्याने भरलेली, मोकळी. ऊन चढत होतं. धुऱ्यावरच्या पेंढ्यांची पानं सुरळी धरू लागली होती. आणि कोणाचाच पाय पाण्यात पडेना, कारण पहिली पेंढी मोतीलालच्या हातात होती.

"बा," रंजू म्हणाली, "पऱ्हे वाळून राहिले."

मोतीलालने खाकरून घसा साफ केला. मंडळीत तो कधी चार माणसांत बोललेला कोणी ऐकला नव्हता.

"सही मी केली," तो म्हणाला. "सही कराले हिनंच शिकवलं मले. खोडाले कोनं शिकवलं नाही. तं आता खोडू कसी?" पेंढीतलं पाणी त्याने झटकलं. "अंधारात होतो मी त्या राती, हिच्या मायसंग. मले वाटलं, पोरगी होईन तं तिचं काही अंधारात करन नाही. अन् मीच कागदावर..."

 तो धुऱ्यावरून चालू लागला, पाय जपून टाकत, डोळ्यांना कमी दिसत असल्यामुळे पेंढी पुढे धरून. पुरुषांच्या घोळक्यापाशी आला. खेमराज मागे उभा होता.

"खेमराज कोनता यातला?" त्याने विचारलं.

"मी हावो, काका."

"हे घे गा."

खेमराजने पेंढी घेतली. त्याच्या बोटांवरचं डांबर अजून गेलं नव्हतं. पेंढी हातात घेऊन तो उभाच राहिला, आणि ती कशासाठी दिली आहे हे त्याच्या तोंडावर हळूहळू उमटलं. टोलीत ज्याच्या त्याच्या हातून ही पेंढी कोणी घेत नाही. नवरा देतो, बायको घेते. हे चिल्ल्यापिल्ल्यालाही माहीत.

"उभा काहून राह्यला?" कुंताबाई म्हणाली. "का रात होऊ दे म्हनतोस?"

तो आला. अकराचा सुमार असेल. ऊन इतकं लख्ख होतं की पाण्याकडे बघवत नव्हतं. पाळीवरून गुरं घेऊन चाललेली पलीकडच्या गावची माणसं थांबून बघू लागली होती. खेमराज रंजूपुढे उभा राहिला. ती धुऱ्यावरून बांधीत उतरली. चिखल पिंढरीपर्यंत आला. सोमवारी जळू चावली होती ती जागा चुरचुरली. तिने दोन्ही हात पुढे केले.

त्याने पेंढी तिच्या हातात दिली. हात सोडायला त्याला थोडा वेळ लागला.

रंजू वाकली. तीन रोपं सोडवली, अंगठ्याने दाबली. पुन्हा तीन. पुन्हा तीन. एक हात लांबीची ओळ झाली आणि तिच्या दोन्ही बाजूंनी बाया पाण्यात उतरल्या. यशोदाबाई उतरली, गुडघ्यावर हात देत, आणि लेकीच्या डाव्या हाताला लागली. सगळ्यांत शेवटी, टोपलीपाशी पदर खोचून, चंद्रकला. तिच्या नवऱ्याची हाक भवनाकडून अजून येतच होती.

मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. ती लगेच निघाली नाही. बराच वेळ जागच्या जागी धडधडत राहिली.

"असंच नाही चालत, बाप्पा," कुंताबाई ओळीतून ओरडली. "लगन म्हनलं तं नाव घ्या लागते. घे वं रंजू, नाव घे!"

"घे, घे!" बाया ओरडल्या.

रंजूला उखाणा सुचला नाही. पहिल्या लग्नात शिकवलेला एक आठवत होता, तो तिने मनातल्या मनात सोडून दिला. ती सरळ उभी राहिली. दुपारच्या आत ती रोवण्यात कधी कंबर वर करत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चिखलाचे हात तिने कमरेवर ठेवले, भवनाकडे तोंड केलं आणि पाळीवरच्या माणसांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

"खेमराज!"

मग पुन्हा वाकून, त्याच्याकडे न बघता, मागे हात केला.

"आना आता दुसरी पेंढी. पाह्यत काय राह्यले?"